सुमतीच्या गुडघ्यांवरचे डाग

बुधवार, १२ जानेवारी १९७२

आज नंदाला नगरच्या डॉक्टरांकडे नेले. घसा दुखून ताप येऊन गेला, आता गुडघे सुजले आहेत. सासूबाई बरोबर होत्या. डॉक्टरांसमोरच म्हणाल्या, "जावईबापू, उगं घाबरताय. हिच्या आईलाबी ह्याच वयात असं झालं हुतं. बिब्बा घातला, चार दिसांत पळाया लागली."

हा ताप सांध्यांतून उतरतो, परंतु हृदयाची झडप बिघडवून जातो, असे डॉक्टरांनी सांगितले. नंदाला आता दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन द्यायचे, अनेक वर्षे.

झडपेच्याच विकाराने नंदाची आई, सुमती गेली. पाच महिने झाले. तिच्या गुडघ्यांवर बिब्ब्याच्या चटक्यांचे काळे डाग होते. तेरा वर्षे ते डाग पाहिले, कशाचे म्हणून एकदाही विचारले नाही. का विचारले नाही?

घरी आल्यावर सासूबाई हळूच म्हणाल्या, "माझ्या लेकीला तवाच ही सुई टोचली आसती, तर?"

"तेव्हा हे औषध निघालेच नव्हते, आई."

त्यांनी डोळे पुसले आणि नंदासाठी दूध तापवायला उठल्या.

निघाले होते की नव्हते, मला ठाऊक नाही. ते मी कोणाला विचारणारही नाही.