पुलाचे ठोकळे

तीर्थरूप आबांना धाकटीचा नमस्कार.

पूल भक्कम आहे असं मागच्या पत्रात लिहिलं, ते चुकलं. मी तपासले ते काँक्रीटचे ठोकळे पुलाच्या मालाचे नव्हतेच. तपासणीसाठी मुकादम जास्त सिमेंटचा माल वेगळा कालवतो, हे मी काल डोळ्यांनी पाहिलं.

"ताई, फोटो काढताना आपण केस विंचरतोच ना?" म्हणून तो हसला. मी तशीच साहेबांकडे जाऊन सांगितलं.

साहेब म्हणाले, "एक तारखेला पहिली बस जायची आहे. आता खुसपट काढू नकोस, पोरी."

मी जेवते वेळेवर, काळजी नको. आईचा गुडघा कसा आहे? पण त्या बसने तुम्ही दोघं येऊ नका. वेळ लागला तरी होडीनेच या. शेजारच्या काकूंनाही सांगा.

तुम्ही घरी गणितं घालायचात, तेव्हा ताळा केल्याशिवाय पाटी पुसू द्यायचा नाहीत. इथे पाटी म्हणजे माणसांनी भरलेली बस आहे. नोकरी जाईल, साहेब काय करतील, या विचाराने झोप येत नाही. तरी पुलाच्या खांबातलाच तुकडा काढून सगळ्यांसमोर तपासणार आहे, येत्या गुरुवारी.

तुमची,
भित्री