मदत करायची तर लांब उभी राहा

सर, काल पेणला आमची फायनल झाली. तुम्ही गेल्याला आता इतकी वर्षं झाली की रोह्याच्या शाळेमागे तुमचा तो लोखंडी खांब तेवढा उरलाय, रिंग कधीच गळून पडली. तरी काल शेवटच्या मिनिटाला माझी नजर हॉलच्या दाराकडे गेली. आमच्या मॅचला तुम्ही नेहमी तिथेच उभे असायचात, हाताची घडी घालून, बाकापासून लांब.

मी आता पेणच्या कॉलेजात मुलींना बास्केटबॉल शिकवते. घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली, त्यामुळे शिकलं की सगळं सुटतं असं मला मनापासून वाटतं आणि मी ते सगळ्यांना सांगत सुटते. महिन्याभरापूर्वी जिते गावात एका मुलीच्या घरी असंच सांगून आले. मुलगी आमची सेंटर, रिंगखाली खेळणारी, संघातली सगळ्यात उंच, दारातून वाकूनच आत येते. तिचे वडील एकेकाळी गावच्या कबड्डी संघात होते, आता धाटावला कंपनीत शिफ्टला जातात. ते म्हणाले, "मॅडम, युनिव्हर्सिटीच्या टीममध्ये घेतली तर शिकू दे तिला. नाय घेतली तर पॅकिंगला जागा हाय, मी बोलून ठेवलाय." मी लगेच म्हटलं, "घेतील, काका." निवड करणारे दोघे कालच्या फायनललाच येणार होते. ती मुलगी चुलीपाशी उभी राहून ऐकत होती. माझ्या तोंडून शब्द गेला तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं.

समोरचा संघ मोठ्या शहरातला. त्यांचा डिफेन्स बदलाबदलीचा. आमची उंच मुलगी त्यांच्या खेळाडूच्या वाटेत आडवी उभी राहिली, की त्यांच्या दोघी तिथल्या तिथे आपापल्या राखायच्या पोरी बदलतात. कुणी मोकळं सुटत नाही. पण बदलताना त्यांची बुटकी आमच्या उंच मुलीवर येते आणि त्यांची उंच, जड पोर आमचा बॉल खेळवणाऱ्या, गडब गावच्या चिमुरडीवर. तुम्ही याला विजोड म्हणायचात. "विजोड दिसली की लगेच धावू नका," म्हणायचात, "बॉल मागे घ्या, श्वास घ्या, पसरा, मग बाजूने आत द्या." आणि बदल चालू असताना क्षणभर आपली मुलगी कुणाचीच नसते, तेव्हाच तिने रिंगकडे निघायचं. हे सगळं मी पोरींना महिनाभर घोटून घेतलं होतं.

तरी पहिल्या हाफमध्ये व्हायचं तेच झालं. आमच्या उंच मुलीने बुटकीला पाठीने मागे अडवून धरलं, रिंगखाली हात वर केला, बॉल आत गेला, आणि आमच्या चौघी तिच्याकडे धावल्या. कबड्डीच्या गावांतल्या पोरी, सर. पकड झाली की सगळ्यांनी तुटून पडायचं, हे चालायला लागल्यापासून अंगात मुरलेलं. चौघी गेल्या आणि आपापल्या मागे लागलेल्या त्यांच्या चौघी घेऊन गेल्या. रिंगखाली जत्रा. बॉल कुणीतरी हिसकावला. एकदा नाही, परत परत. प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं, "अगो, फुगडी घालताव का?" आणि सगळे हसले. ते निवडीवाले दोघे आपसात काहीतरी बोलत होते. आमच्या उंच मुलीच्या नावावर तोवर जेमतेम एक बास्केट.

मध्यंतरात मी पोरींना शेजारच्या वर्गात नेलं. गडबची चिमुरडी रडकुंडीला आली होती. म्हणाली, "मॅडम, तिला एकटीला सोडायची? बरा दिसतो का?" आणि मी थेट रोह्याच्या मैदानावर जाऊन पोचते. मी आठवीत आहे, हेच शब्द मी बोलते आहे, आणि तुम्ही चिडला आहात. "तू मदतीला गेलीस तेव्हा एकटी नाही गेलीस. तुझ्यामागचीला पण घेऊन गेलीस. मदत करायची तर लांब उभी राहा." मग तुम्ही आमच्या चपला काढायला लावता, स्वतःच्या हाताने मैदानाच्या कडेकडेने मांडता, आणि सांगता, आपापल्या चपलेवर उभं राहायचं, बॉल आला तरच हलायचं. तापलेल्या मातीत त्या चपलांवर मी पाय जुळवून उभी आहे, मैत्रीण आत एकटी झुंजते आहे, आणि मला तुमचा राग येतो आहे. काल मी वर्गातली बाकं सरकवली आणि पोरींच्या बाहेर काढून ठेवलेल्या चपला आणून तशाच मांडल्या.

दुसऱ्या हाफमध्ये आमच्या पोरी खाली बघत बघत जागा धरत होत्या, जणू फरशीवर चपला दिसत होत्या. रिंगखाली मोकळं झालं. उंच मुलीने वळून टाकला, आत. परत विजोड, परत आत. मग त्यांच्या कोचला कळलं आणि बॉल आत गेला की त्यांची दुसरी पोर धावून यायला लागली. शेवटी थोडे सेकंद राहिले तेव्हा आम्ही एका गुणाने मागे होतो. मी टाइम-आउट घेतला. दोघी अंगावर येतात म्हणजे बाहेर कुणीतरी मोकळी असते, हे मला ठाऊक होतं, पोरींनाही ठाऊक होतं. पण मला ते निवडीवाले दिसत होते, जित्याची ती चूल दिसत होती. मी तिचं मनगट धरलं आणि म्हटलं, "तुझ्याकडे आला की तूच टाक. कुणाला देऊ नको."

बॉल आत गेला. बुटकी तिच्या पाठीशी, दुसरी बाजूने धावत आली, चार हात वर. ती उडाली, मी ओरडले, "टाक!" आणि तिने बॉल बाहेर दिला. गडबची चिमुरडी आपल्या जागेवर होती. तिला सोडून आत धावलेली त्यांची उंच पोर उशिरा परत आली, आधीच दमलेली. चिमुरडीने एकदा डावीकडे अंग हलवलं, उजवीकडून निघाली आणि बॉल रिंगमध्ये घालूनच थांबली. आम्ही जिंकलो. निवडीवाल्यांपैकी एकाने चिमुरडीला बोलावून नाव विचारलं. मी त्याच्याकडे निघाले, आमच्या सेंटरबद्दल सांगायला, आणि मध्येच थांबले. सांगून काय सांगणार होते, की मी नको म्हटलं तरी तिने बॉल दिला?

संध्याकाळी तिला सोडायला जित्याला गेले. वडील ओट्यावर बसले होते. त्यांनी विचारलं, "शेवटचा तू का नाय टाकलास?" म्हणजे फोनवरून सगळं आधीच पोचलं होतं.

"दोघी होत्या अंगावर. ती मोकळी होती."

"मॅडमनी सांगितलेला द्यायला?"

तिने माझ्याकडे बघितलं. "व्हय," ती म्हणाली.

मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "बरोबर सांगितलाव. पकड चौघांची असते, गुण काय कुणा एकाचा नसतो." पॅकिंगच्या जागेचं त्यांनी काढलं नाही. मीही काढलं नाही. निवडीची यादी अजून यायची आहे आणि तिचं नाव त्यात असेल की नाही, मला खरंच माहीत नाही.

हे कुठे पाठवणार, सर. रोह्याला तुमच्या घरात आता दुसरीच माणसं राहतात. पण एवढं लिहिते. ती "व्हय" म्हणाली तेव्हा मी खोडून काढायला हवं होतं. मी चहाचा कप हातात घेऊन बसून राहिले, आणि मला बरं वाटलं.