मावशीकडे न जाण्याचं वेळापत्रक

२९ एप्रिल, जेवणानंतर

जाहीर केलं. यंदा मुलं सुट्टीत मावशीकडे जाणार नाहीत. घरी राहतील, माझ्याबरोबर. एकवीस दिवसांची रजा मंजूर झाली आहे.

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. आनंद पचायला वेळ लागतो.

ही म्हणाली, तू दोन मुलांचं दिवसभर करणार काय. तिला आठवण करून दिली की मी अठरा वर्षं बस डेपोत वेळापत्रकं बनवतो. चौसष्ट गाड्या. मुलं दोनच आहेत. ती म्हणाली, मुलं म्हणजे गाड्या नाहीत. गाड्याही सरळ नसतात, असं मी म्हणालो.

शेवटी असं ठरलं. पंधरा मेला मावशी दरवर्षीप्रमाणे गाडी घेऊन येईल. त्या दिवशी मुलांनीच सांगायचं, जायचं की राहायचं. मध्ये कोणी बोलायचं नाही.

कारण इथेच लिहून ठेवतो. मागच्या वर्षी मावशीकडून परत आल्यावर धाकट्यानं दारात मला काका म्हणून हाक मारली. महिनाभर तिथल्या काकांबरोबर होता, चूक स्वाभाविक आहे. मीही हसलो. एक वर्ष झालं.

थोरली आता बारा वर्षांची आहे. आमच्या भाषेत, शेवटच्या एकदोन फेऱ्या उरल्या.

३० एप्रिल

वेळापत्रक तयार. मोठा कागद, चार रंग. व्यायाम, नाश्ता, चित्रकला, माती, वाचन, हस्तकला, असं संध्याकाळी सहापर्यंत. प्रत्येक कार्यक्रमानंतर दहा मिनिटांचा थांबा. एक गाडी लेट झाली तरी तो उशीर पुढच्या फेरीत जाऊ नये म्हणून शेवटच्या स्टॉपवर गाडी थोडी उभी ठेवतात, तेच तत्त्व. अठरा वर्षांचा अनुभव या दहा मिनिटांत आहे.

फ्रिजवर लावलं. थोरलीनं पूर्ण वाचलं. यात काहीच नाही असं कधी आहे, तिनं विचारलं. मी थांबे दाखवले. अच्छा, दहा मिनिटं, म्हणाली.

पसंत पडलं.

२ मे, दुपारी

पहिला दिवस.

व्यायाम ७.०० ला होता. मुलं ७.२५ ला उठली. उशीर नाश्त्यातून भरून काढला. चित्रकला ९.०० वाजता, विषय बदक. दोघांनी ९.०२ ला बदक पूर्ण करून दाखवलं. अडतीस मिनिटं शिल्लक. मी पिसांकडे लक्ष वेधलं. त्यांनी पिसं काढली. ९.०३.

मातीकाम चार मिनिटं. हस्तकला सहा. वाचनाची पुस्तकं दोघांनी आधीच वाचलेली निघाली.

११.१५ ला संध्याकाळी सहापर्यंतचे सगळे कार्यक्रम संपले. गाडी लवकर पोचणं हे उशिरापेक्षा वाईट, यावर मी स्वतः परिपत्रक काढलेलं आहे. मुलांना समजावून सांगितलं. धाकटा म्हणाला, मग टीव्ही बघू का. वेळापत्रकात टीव्ही नाही. टीव्ही बंद राहिला. तिघंही त्याच्याकडे बघत बसलो.

४ मे

सुधारित वेळापत्रक. आज बाल्कनीत तंबू. पडद्याचा रॉड, चादर, चिमटे.

तंबू १०.०० ला उभा राहिला, १०.११ ला पडला. कारण: साहित्याचा दोष. रॉड वाकला आहे. हिला संध्याकाळी सांगेन.

मुलं पडलेल्या चादरीखालीच बसून राहिली. आतून कुजबुज, मग हसणं, मग आणखी हसणं. काय चाललंय विचारलं. काही नाही बाबा, दोघंही एकदम म्हणाली. पाऊण तास हेच. शेवटी अकराला मातीकाम असल्यामुळे चादर काढून घ्यावी लागली.

मातीकाम वेळेवर सुरू. उत्साह कमी होता.

५ मे

रॉडचं हिला कळलं. आजची नोंद नाही.

६ मे

ऑफिसात फोन केला, सहज. माझ्या खुर्चीवर सध्या बसणारा सहकारी म्हणाला, इथे सगळं वेळेवर चाललंय, काळजी करू नका. काळजी वाटली. मुलं काय म्हणतात, त्यानं विचारलं. एकाहत्तर टक्के वेळेवर, मी म्हणालो. तो म्हणाला, साहेब, थोडी झोप काढा.

८ मे

सहल. वस्तुसंग्रहालय. १४ नंबरची बस, १०.१२. वेळ माझीच. १०.०५ पासून स्टॉपवर.

धाकट्यानं पाटी वाचली. ही बस शेवटी मावशीच्या इथेच जाते, म्हणाला. आपण अर्ध्यावर उतरणार आहोत, हे मी लक्षात आणून दिलं.

१०.४० झाले. बाकावर एक बाई बसल्या होत्या, मांडीवर दोन पिशव्या. १०.१२ ची येईलच, मी त्यांना धीर दिला. त्या म्हणाल्या, तुम्हाला काय माहीत. धाकटा अभिमानानं म्हणाला, वेळापत्रक माझे बाबाच बनवतात.

हे सांगायची गरज नव्हती.

बाई म्हणाल्या, असं का, बरे सापडलात. मग त्यांनी पिशव्या खाली ठेवल्या. त्यांचं झाल्यावर मागच्या आजोबांनी सुरू केलं. ते साडेनऊच्या गाडीसाठी उभे होते. मी थांब्याचं तत्त्व समजावलं. आजोबा म्हणाले, आम्ही ते रोजच पाळतो, इथेच थांबतो. थोरली भिंतीवरची जाहिरात वाचत होती. जाहिरात फाटलेली होती. धाकटा बोटांवर मोजत होता. एकूण अकरा जण मला बोलले, त्यातले दोघे तर रिक्षाची वाट बघत होते.

बस १०.५८ ला आली. संग्रहालय दुरुस्तीसाठी बंद होतं.

संध्याकाळी मुलांनी आईला सगळं सांगितलं. थोरलीनं बाई केल्या, आजोबा केले. धाकट्यानं मी केला. हिनं हसता हसता कप खाली ठेवला. तासभर चाललं.

नोंद: सहल रद्द. मुलांचा दिवस वाया.

१० मे

ही म्हणाली, एक दिवस काहीच करू नका ना. सूचना विचारात घेतली. १०.०० ते १२.००, काहीही न करणे. हिरव्या रंगात.

१०.०० ला मुलं सोफ्यावर येऊन बसली. मी समोर खुर्चीवर, घड्याळ दिसेल असा. १०.०६ ला धाकट्यानं विचारलं, बाबा, बरोबर करतोय का मी. पाय हलतोय, मी म्हणालो. १०.२० ला थोरलीनं विचारलं, यात मध्ये थांबा आहे का.

ठेवायला हवा होता. चूक मान्य.

१२ मे, पलंगावरून

व्यायामात पाठ धरली. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस आडवे राहा. मुलांना फ्रिजवरचं पाहून स्वतः सुरू करायला सांगितलं.

त्यांनी फ्रिजकडे पाहिलंच नाही. इथून ऐकू येतं. बाहेर बस स्टॉप मांडला आहे. खुर्च्या सरकवल्याचा आवाज आला. थोरली पिशवीवाल्या बाई झाली आहे, तुम्हाला काय माहीत, असं विचारते. धाकटा १०.१२, १०.१२ म्हणत येरझाऱ्या घालतो. मग ती बस होते आणि त्याच्या समोरून न थांबता निघून जाते. तो मागे धावतो. पुन्हा पहिल्यापासून.

माझा आवाज त्यानं बरा पकडलाय. घसा खाकरणंसुद्धा. मी तसं खाकरतो हे मला माहीत नव्हतं.

साडेबारापर्यंत हेच. उठून थांबवणार होतो, पाठीमुळे जमलं नाही. एकदोनदा उशीत तोंड घालावं लागलं. खोकला असेल.

नोंद: दिवसभराचे सर्व कार्यक्रम रद्द. उद्या दुप्पट फेऱ्या.

१३ मे

डॉक्टरांनी दोन दिवस सांगितले होते. कुशीवर पडून सूचना देता येतात.

दुप्पट फेऱ्या. चित्रकला दोनदा, माती दोनदा, वाचन मोठ्यानं. ११.५० ला थोरली बाथरूममध्ये गेली आणि आतून कडी लावली. १.४० पर्यंत. मी भिंत धरत धरत दारापर्यंत गेलो आणि थांबा दहा मिनिटांचाच असतो, असं सांगितलं. आतून पान उलटल्याचा आवाज आला.

वाचन सुरू होतं म्हणायला हरकत नाही.

१४ मे

उद्या मावशी. मुलांवर दबाव आणायचा नाही हे ठरलेलंच आहे. नाश्त्याला फक्त मावशीकडच्या डासांचा उल्लेख केला. दुपारी पुन्हा केला.

मावशीकडे असतं तरी काय. एक तळं, एक कुत्रा. मावशी सकाळी दार उघडते, संध्याकाळी लावते. मध्ये काही योजना म्हणून नाही.

हिला म्हणालो, तू मुलांशी बोल. ती म्हणाली, तूच बोल की, पण त्या कागदाशिवाय बोल. मी बोललो. उभा फ्रिजपाशी होतो, तो योगायोग. धाकट्यानं विचारलं, राहिलो तर हे असेल का. मी म्हणालो, याच्यापेक्षा चांगलं असेल, सुधारित. त्यानं हळूच मान हलवली. रजेचा अर्ज परत करताना आमचे साहेब अशीच हलवतात.

चिन्हं चांगली आहेत.

१५ मे, दुपारी १२.१०

मावशी दहाला येणार होती. ११.३० ला आली. उशिराबद्दल काही बोलली नाही, घड्याळाकडेही पाहिलं नाही. काय गं, काय रे, कोण कोण येतंय, एवढंच विचारलं.

दोघांनी पलंगाखालून बॅगा काढल्या. भरलेल्या होत्या. कधी भरल्या ते विचारलं नाही.

ठरल्याप्रमाणे मीही मध्ये बोललो नाही. बॅगा खाली नेऊन दिल्या. पाठ दुखते हे कोणाच्या लक्षात आलं नाही. डिकी लावली. थोरली गाडीत बसता बसता म्हणाली, बाबा, तुम्ही पण चला ना, तुमची रजा आहे अजून. मागे जागा आहे.

मी म्हणालो, कसं शक्य आहे, सात दिवसांचं वेळापत्रक बाकी आहे.

तोंडातून गेलं. ती दोन क्षण माझ्याकडे बघत राहिली. ठीक आहे, म्हणाली आणि काच वर केली.

गाडी ११.५२ ला सुटली.

१६ मे

व्यायाम ७.०० वाजता, पाठीमुळे फक्त मान. चित्रकला ९.०० ते ९.४०. बदक काढलं. चाळीस मिनिटं पुरली, पिसं बरी आली आहेत. मातीकाम, वाचन, हस्तकला, सगळं ठरल्या वेळी. थांबे पूर्ण दहा मिनिटांचे घेतले.

शंभर टक्के. अठरा वर्षांत पहिल्यांदा.

गाडीत कोणी चढणार नसेल तर ती नेहमी वेळेवर धावते. डेपोत हे सगळ्यांना माहीत आहे. कोणी बोलत नाही.

ही कामावरून आली, फ्रिजपाशी उभी राहिली. बदक छान आहे, म्हणाली. कोणी काढलं ते विचारलं नाही.

१७ मे, संध्याकाळी

फोन वाजला. धाकटा. मला वाटलं आठवण आली. पोहण्याचा चष्मा कुठे ठेवलाय, त्यानं विचारलं. तो चष्मा कपाटात वरच्या कप्प्यात आहे. सांगितलं. मागे कुत्रा भुंकत होता, काहीतरी पाण्यात पडत होतं, सगळे हसत होते.

बरं बाबा, म्हणाला. ठेवणार इतक्यात मी म्हणालो, चष्मा मीच घेऊन येतो. उद्या. रजा आहे अजून.

कागद आणणार का, त्यानं विचारलं. नाही, म्हणालो. मग कशानं येणार, त्यानं विचारलं. १४ नंबर, १०.१२ ची, म्हणजे सव्वाबाराला तिथे शेवटच्या स्टॉपवर.

त्यानं रिसीव्हरवर हात ठेवून हे थोरलीला सांगितलं. हात नीट ठेवला नव्हता. ती म्हणाली, १०.१२ ची ना, मग आपण संध्याकाळी जाऊ स्टॉपवर.

धाकट्यानं मला विचारलं, संध्याकाळी चालेल ना.

चालेल, म्हणालो.