डाव्या जोडीचे मासे

तेर, १२ जून १९६१
आलो एकदाचा! उस्मानाबादेच्या बसनं अंगावर इतकी धूळ चढवली, की हायस्कुलात हेडमास्तरांनी नव्या विज्ञान शिक्षकाला आधी बादलीच दाखवली. खोली झकास आहे. मालक वलीचाचा चांदीचे दागिने घडवतात, लालबीचाची न विचारता भाकरी वाढतात, वर गूळ. बायको गिरिजा याच जिल्ह्यातल्या वाशीला माहेरी आहे. दिवस भरत आलेत.

२० जून
इथली एक रीत कळली. बाळाच्या वाळ्यात दोन कड्यांची जोड अडकवतात; ती बापानंच झाळायची, म्हणजे डाग देऊन सांधायची, आणि वलीचाचांनी तपासायची. दोन्ही कड्यांवर एकामागं एक पोहणारे मासे. ते ठरल्या बाजूनं फिरले तर उजवी जोड; एका कडीचे उलटे फिरले तर डावी, उजवीचं आरशातलं रूप. कितीही वळवा, एकीची दुसरी होत नाही. परदेशात रेणूंच्या कड्याही अशा एकमेकींत अडकवल्यात, असं मासिकात वाचलं होतं. म्हटलं, वर्गाला दोन्ही जोड्या दाखवू. वलीचाचांचा चेहरा उतरला. "डावी झाळायची न्हाय, मास्तर. ती अंगावर आसताना दिस मावळला तर मानूस पलटतं." मला हसू आवरेना.

३ जुलै
तांब्याची डावी जोड झाळली. मुलं खूश! घड्याळाच्या पट्ट्याला अडकवून मिरवली. दिवस मावळेपर्यंत मुद्दामच काढली नाही.

४ जुलै
लालबीचाची विचारतात, आज डाव्या हातानं का जेवता? मी तर उजव्यानंच जेवत होतो. फळ्यावरची अक्षरं उलटी दिसली. कालचं पान आरशात धरून वाचलं. गुळाला मातीची चव. भीती वाटते.

९ जुलै
जेवतो, पण अंगी लागत नाही; पलटलेल्या अंगाला जगाचं सुलट अन्न पचत नसावं. कमरेचा पट्टा दोन भोकं आत गेला. वाशीहून निरोप आला, मुलगा झाला! वलीचाचा सास्तूरला गेलेत. वाट कोण पाहणार? उजवी जोड झाळली, तीनदा पाहिली, वाळ्यात घालून पाठवली.

१३ जुलै
वलीचाचा परतले. तशीच दुसरी जोड झाळून त्यांना दाखवली. डावी आहे, म्हणाले. माझी उजवी म्हणजे आता जगाची डावी. एवढं कसं सुचलं नाही मला! वाशीची बस गेली—

वाशी, १४ जुलै
वाळा काढून फेकला. उशीर झालाय. बाळ सारखं दूध पितं आणि वाळत चाललंय. पलटलेलं परत फिरत नाही, वलीचाचा म्हणाले होते.

१५ जुलै
गिरिजाला सगळं सांगितलं. रडली नाही. म्हणाली, मलाही पलटवा, माझं दूध तरी त्याच्या अंगी लागेल. नाही म्हटलं. तिनं बाळ माझ्या मांडीवर ठेवलं. किती हलकं—

१६ जुलै
जगाची डावी जोड झाळली. या वेळी जाणूनबुजून. गिरिजानं मनगट पुढं केलं. बांधा, म्हणाली. बांधली. दिवस टेकलाय—

मावळला. बाळ पितंय. रडत नाही. झोपलं, पोट भरून झोपलं!
गिरिजा हसली. भाकरीवर गूळ घेतला. घास तोंडात घातला आणि माझ्याकडं बघून म्हणाली, ही तर माती—