म्हाताऱ्याचा आणि बकरीचा सिनेमा

आई, परवा तुझ्यामुळे माझं कॉलेजात भांडण झालं. मी जिथे ॲनिमेशन शिकवते तिथे आम्ही चौघं शिक्षक मुलांसाठी आजवरच्या पंचवीस थोर ॲनिमेशनपटांची यादी करत होतो. चोवीस ठरले. पंचविसाव्यासाठी मी अडून बसले, की म्हाताऱ्याचा आणि बकरीचा तो वीस मिनिटांचा परदेशी सिनेमा घ्यायलाच हवा. बाकी तिघांनी त्याचं नावही ऐकलेलं नव्हतं. मी तुझीच वाक्यं तुझ्याच सुरात बोलत होते आणि ते कळत असूनही थांबत नव्हते. तुला जाऊन सोळा वर्षं झाली, तरी तू मला धड जिंकू देत नाहीस, हरूही देत नाहीस.

दुसऱ्यांच्या आया कार्टून लागलं की टीव्ही बंद करायच्या. तू पदराला हात पुसत येऊन बसायचीस आणि चुका काढायचीस. लग्नाआधी तू दादरच्या एका छोट्या स्टुडिओत जाहिरातींच्या कार्टूनांत रंग भरायचीस, पारदर्शक कागदांवर, एकेक चित्र. लग्न होऊन लांब बोळिंजला आलीस आणि ते काम सुटलं, नजर मात्र सुटली नाही. तेव्हा आपल्याकडे नळाला पाणी नसायचं. टँकर आला की आपण दोघी तीन जिने बादल्या चढवायचो. मला धाप लागलेली, आणि तू मधल्या वळणावर थांबून मला शिकवतेस, "बघ, खांदा कसा कलतो. दुसरा हात आपोआप कसा बाहेर जातो. बादली जड आहे हे ज्याला काढता येतं, त्याचा सिनेमा मोठा." माझी बादली हिंदकळते, चप्पल भिजते, आणि मला फक्त एकदाचं घरी पोचायचं असतं.

मग मीच त्या धंद्यात शिरले. अंधेरीच्या स्टुडिओत पाच महिने कॉम्प्युटरवर एका माशाचे पर हलवत होते. तू विचारायचीस, रेघ कुणी काढली? मी सांगायचे, यात रेघ नसतेच. मग त्याला चित्र का म्हणायचं, हा तुझा पुढचा प्रश्न. रोज जेवताना हेच. बाबा आपलं ताट उचलून बाहेरच्या खोलीत जायचे.

त्या मे महिन्यात तू सोसायटीच्या मुलांसाठी चित्रकलेचं शिबिर घेतलंस. शेवटच्या दिवशी त्यांना एक थोर सिनेमा दाखवायचा होता. तू स्टुडिओतल्या जुन्या मैत्रिणीकडून म्हाताऱ्या-बकरीची व्हिडिओ कॅसेट मिळवलीस, मी बाजारातून एका नव्या, कॉम्प्युटरवर केलेल्या सिनेमाची सीडी आणली. सोसायटीच्या ऑफिसात, तळमजल्यावरच्या काकू आणि पाच-सहा पालकांसमोर आपण अर्धा तास भांडलो. काकू म्हणाल्या, अहो, कार्टूनच ना, कुठलंही लावा. त्यावर आपण दोघी मिळून त्यांच्यावर उखडलो, आणि मग पुन्हा एकमेकींवर. शेवटी मी बोलून गेले, "तुझी तरी रेघ कुठे होती, आई? रेघ दुसऱ्याची. तू नुसता रंग भरलास."

तू कॅसेट पिशवीत ठेवलीस. "बरं. तुझा लाव," एवढंच म्हणालीस.

माझा सिनेमा लागला. मुलं खुर्च्यांवर उभी राहून हसली. तू मागच्या रांगेत शेवटपर्यंत बसलीस. घरी आल्यावर मेथी निवडता निवडता म्हणालीस, "पाणी सुरेख केलंय गं. पण त्यात कुणी दमतच नाही." मला वाटलं होतं तू रागावशील, रडशील, मग मी माफी मागेन. तू सरळ सिनेमाचं परीक्षण केलंस, आणि तेही बरोबर. इतका वैताग आला मला, की माफी राहूनच गेली. पुढे तू आजारी पडलीस आणि मी काहीही म्हटलं तरी "असेल बाई" म्हणायला लागलीस. त्याचा तर सगळ्यात जास्त राग येतो. भांडणात तुझ्याकडून सूट कुणी मागितली होती?

परवा ते तिघं शेवटी कंटाळून नमले. यादी बोर्डावर लागली आहे आणि पंचविसाव्या ओळीत तुझा सिनेमा आहे. मुलं विचारतात, मॅडम, त्यात एवढं काय आहे? मी त्यांना तू सांगायचीस ते सगळं सांगते, आणि ती वहीत उतरवून घेतात.

हे कुणाच्या हाती पडणार नाही, तेव्हा लिहून टाकते. शिबिराच्या आदल्या आठवड्यात एका दुपारी तू मला ती कॅसेट लावून दिलीस. शेजारणीने हाक मारली म्हणून तू बाहेर गेलीस, आणि मी पाचव्या मिनिटाला झोपले. तू परत आलीस, कसा वाटला विचारलंस, आणि मी म्हटलं, संथ आहे. तेवढ्या एका शब्दावर मी सगळं भांडण भांडले. आई, तो सिनेमा मी अजून पाहिलेला नाही.