काळ्या राजाची फौज

रविवार, संध्याकाळ

शेजारच्या मंजुबेनकडे रंगीत टीव्ही आहे, म्हणून माझी नात पिंकी आता तिलाच "बा, बा" करते, म्हणजे गुजरातीत आजी. मी जळते, हो, जळते. काय तर म्हणे, आकाशातल्या लढाईचं कार्टून. त्यात अंधाराला, म्हणजे काळ्या राजाला, मारायचं नसतं, उजेडाच्या बरोबरीनं ठेवायचं असतं. रंगीत आहे म्हणून खरं का?

आज ऐन लढाईत लाइट गेली. पिंकी पळत आली.

"आजी, पुढचं तू सांग ना!"

"काळा राजा जिंकला."

"झूठ! दोघं बरोबरीत राहतात!"

"मग बस, करते बरोबरीत."

बसली मांडीला खेटून. तेवढ्यात लाइट आली, मंजुबेनचा टीव्ही ओरडायला लागला. मी उठले, दार लोटलं, बल्ब बंद केला. "ही गोष्ट अंधारातच सांगतात," म्हटलं आणि बरोबरी लांबावी म्हणून काळ्या राजाला आणखी एक फौज दिली.