खडकातलं कुरण

गाझियाबाद,
१९ जानेवारी २०२५

ति. सुमित्राआत्या हिस,
स्वानंदीचा सा. सलाम. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहिते आहे. नाताळच्या आठवड्यात पप्पांना अर्धांगवायूचा झटका आला, हे शार्दूलनं तुला कळवलंच होतं. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. समजतं मात्र सगळं. आता आठवडा झाला, ते अन्नाला तोंड लावत नाहीत. गिळता येतंय, असं डॉक्टर म्हणतात. त्यांची इच्छाच नाही. नाकातून घातलेली नळी त्यांनी दोनदा उपटून टाकली. दिवसा त्यांच्याजवळ असणारी चंदा "बाबूजी, बस एक चम्मच" म्हणत तासभर वाटी धरून बसते आणि ते भिंतीकडे तोंड फिरवतात. सध्या सलाईनवर आहेत. हे फार दिवस चालणार नाही, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं.

त्यांच्या आवडीचं काही वाचून दाखवावं, असं मला वाटलं. इथल्या मराठी उपासनेत तीस वर्षं त्यांनी मेंढपाळावर किती उपदेश केले असतील! तेविसावं स्तोत्र वाचलं, तर हिरव्या कुरणाशी आल्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले. मग बायबलातला योहानाचा दहावा अध्याय काढला. चांगल्या मेंढपाळाचा भाग वाचून झाला, आणि लांडगा दिसताच मेंढरं टाकून पळणारा मोलकरी आला. आत्या, त्या शब्दाला त्यांनी डावा हात पलंगाच्या लोखंडी दांडीवर आपटायला सुरुवात केली. बोटांतून रक्त आलं तेव्हा थांबले. मी पुस्तक मिटलं ते अजून उघडलेलं नाही.

आमच्या छोट्या वैभवीनं विचारलं, कुरण म्हणजे काय, सोसायटीचं लॉन का? मी हसले, पण तिला सांगायला लागले तेव्हा कळलं की मलाही ठाऊक नाही. मी कुरण फक्त पप्पांच्या उपदेशात पाहिलंय. त्यांनी स्वतः लहानपणी मेंढरं राखली, एवढंच मला माहीत. त्याबद्दल ते कधी बोललेच नाहीत. तू त्यांच्याबरोबर होतीस. तेव्हा काय घडलं, ते मला सांगशील?

तुझ्या प्रार्थनेत आम्हाला जागा असू दे.

तुझी,
स्वानंदी


खडकवाडी,
२५ जानेवारी २०२५

चि. स्वानंदी हिस,
आत्याचे अ. आ. शार्दूलरावांना सलाम, वैभवीला गोड पापा.

माझं अक्षर मोठेपणी शिकलेलं आहे, तेव्हा सावकाश वाच. तुझं पत्र मी तीनदा वाचलं.

आधी वैभवीला कुरण सांग. लॉनबिन काही नसतं, बाळा. आमच्या टेकडीवर फेब्रुवारीनंतर सगळं रान करडं व्हायचं. दगडाच्या सावलीला, ओल धरलेल्या जागी दोन-चार काड्या हिरव्या असायच्या. मेंढराला एकेक घास शोधून खावा लागतो. राखणारा पुढे जाऊन बघतो, त्याच्या मागे कळप जातो. असं दिवसभर चालणं म्हणजे कुरण. आणि मेंढरू सहजासहजी बसत नाही. पोट भरलेलं लागतं, शिवाय भय नको. राखणारा उभा दिसला तरच ते बसतं आणि रवंथ करतं. त्या स्तोत्रात हिरवळीपेक्षा बसण्याला जास्त मोल आहे, असं मला वाटतं. आपल्यासाठी कुणीतरी उभं आहे, एवढंच त्यात सांगितलंय.

आता दादाचं. मेंढरं आमची नव्हती. आमचे वडील गावच्या मोठ्या घरची मेंढरं मजुरीवर राखायचे, म्हणजे शास्त्रातले मोलकरीच. १९६५ सालच्या उन्हाळ्यात वडील तापानं पडले, तेव्हा आम्ही दोघं कळप घेऊन गेलो. दादा अकरा वर्षांचा, मी आठ. दुपारी ओढ्याच्या वळणावर लांडगा आला. दादा माझ्यापुढे होता. त्यानं लांडगा पाहिला, मग वळून मला पाहिलं, आणि पळाला. मी दगड मारले, ओरडले. लांडग्यानं दोन कोकरं नेली. मला काही केलं नाही.

दादानं घरी सांगितलं की तो मिशनच्या मास्तरांकडे धडा घ्यायला गेला होता. मालकानं वडिलांना अंगणात सगळ्यांसमोर मारलं, तापात. मी एक शब्द बोलले नाही. जूनमध्ये मास्तरांनी दादाला नगरच्या बोर्डिंगात घातलं, आणि कळप माझ्याकडे आला, लग्न होईपर्यंत.

साठ वर्षं दिवाळी-नाताळला तो आला, साड्या आणल्या, माझ्या पोरांची शिक्षणं केली. त्या दुपारबद्दल आम्ही कधीच बोललो नाही. त्यानं चांगल्या मेंढपाळावर एवढे उपदेश का केले, ते मला कळत होतं. तो त्या मोलकऱ्याला स्वतःपासून दूर ढकलत होता. आता जीभच गेली, तेव्हा तो मोलकरी परत येऊन उशाशी बसला असेल.

हे पत्र त्याला मोठ्यानं वाचून दाखव. आणि पुढे वाच, योहानाचा शेवटचा अध्याय. प्रभूचा शिष्य पेत्रसुद्धा ऐनवेळी त्याची ओळख नाकारून बसला होता. प्रभूनं त्याला समुद्रकाठी निखाऱ्यावर भाजलेले मासे खायला घातले आणि विचारलं, माझ्यावर प्रीती करतोस का. त्या जुन्या गोष्टीचा जाब विचारला नाही. माझी मेंढरं पाळ, म्हणाला. ज्यांचा पाय डळमळला नव्हता असेही कुणी असतील, तरी मेंढरं याच्याच हाती दिली. दादाला सांग, सुमीनं तेव्हाच पाहिलं होतं आणि तेव्हाच सोडलं होतं. मीही हे आधी बोलायला हवं होतं. गप्प राहून मी त्याला एकटं ठेवलं, ही माझी चूक.

तुमच्या घराची मला ओढ आहे, ती जाणून असा.

तुझी,
सुमित्राआत्या


गाझियाबाद,
२ फेब्रुवारी २०२५

ति. आत्यास,
सा. सलाम.

तुझं पत्र बुधवारी मिळालं. पप्पांना वाचून दाखवावं की नाही, याचा मी संध्याकाळपर्यंत विचार करत होते. शार्दूल गुरुग्रामहून लवकर आला आणि म्हणाला, पत्र त्यांचं आहे, आपण अडवणारे कोण. मग वाचलं. ओढ्याच्या वळणाशी आले तेव्हा त्यांनी डाव्या हातानं चेहरा झाकला, तो शेवटपर्यंत काढला नाही. पुढचा अख्खा दिवस त्यांनी पाण्याचा थेंबही घेतला नाही. आपण त्यांना मारलं, असं वाटून मी स्वयंपाकघरात रडत होते. खोटं नाही सांगत, तुझाही राग आला होता.

शुक्रवारी दुपारी चंदानं मला हाक मारली. पप्पा वाटीकडे बोट दाखवत होते. ज्वारीची पेज होती. चार चमचे घेतले. संध्याकाळी सहा. आज अर्धी वाटी. आत्या, तोंडातून "सु" एवढंच निघतं. बाकीचं नाव अडकतं आणि ते चिडतात. तुझे गुडघे दुखतात, ठाऊक आहे, तरी ये. तिकीट शार्दूल काढतो, स्टेशनवर मी असेन. हिंदीची भीती नको. चंदा तुझं सगळं समजून घेईल आणि तुलाच चार गोष्टी शिकवेल.

वाट पाहते, हे वेगळं काय लिहू.

तुझी,
स्वानंदी


खडकवाडी,
४ मे २०२५

चि. स्वानंदी हिस,
अ. आ.

सुखरूप पोहोचले. घर आता मोठं वाटतं. दादा गेल्याला साडेतीन आठवडे झाले. दादाबरोबरचे दोन महिने मी मोजून ठेवले आहेत, देवानं जादा दिलेले म्हणून.

स्मरण-उपासनेत कोणता पाठ ठेवावा, असं तू विचारलं आहेस. समुद्रकाठचा ठेव. तेविसावं लोक म्हणतीलच, त्यांना म्हणू दे.

एक गोष्ट तिथं असताना सांगितली नाही, ती लिहिते. मार्च संपताना एका दुपारी तू ऑफिसात होतीस, चंदा औषध आणायला खाली गेली होती. मी दादाला वरणभात भरवत होते. त्यानं माझ्या हातातला चमचा काढून घेतला. मला वाटलं, पुरे म्हणतोय. पण डाव्या हातानं त्यानं वाटीतून घास उचलला. अर्धा भात माझ्या पदरावर सांडला. उरलेला त्यानं माझ्या तोंडापाशी आणला आणि तसाच धरून राहिला. मी तोंड उघडलं. मी घास चावून गिळेपर्यंत तो माझ्याकडे बघत होता. मग मान मागे टाकून तो झोपला. त्या आजारपणात इतका शांत झोपलेला मी त्याला पाहिला नव्हता. चंदा आली तरी मी तिथून उठले नाही.

स्वतःच्या जेवणाकडे लक्ष दे.

तुझी,
सुमित्राआत्या